वारघडे सरांची उतरती रांग

वारघडे सरांना "चहा घेतला का?" असं विचारायची सोय नव्हती. साध्या प्रश्नाचं साधं उत्तर त्यांच्याकडे नसायचंच. स्टोव्हला पिन मारली इथपासून ते सुरुवात करायचे, मग दूधवाला उशिरा का आला ते, मग साखरेच्या डब्याला लागलेल्या मुंग्या. मध्येच आपण वैतागून "म्हणजे घेतला ना शेवटी?" असं म्हटलं, की ते थांबून आपल्याकडे जरा दुखावल्यासारखं बघायचे. "मॅडम, तुम्ही पुढचं मागं करताय," असं म्हणायचे आणि मुंग्यांपासून परत सुरू. बरं, मधलं गाळायला त्यांची हरकत नसे. दूधवाल्याचं सोडा म्हटलं तर सोडून द्यायचे. पण चहा आधी आणि स्टोव्ह नंतर, हे त्यांना मेलं तरी चाललं नसतं.

जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. जव्हारला एसटी स्टँडच्या मागे एका किराणा दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. मी तिथे मराठी टायपिंग आणि पत्रिका, पत्रकं जुळवणं शिकवायचे. वारघडे सर जावा शिकवायचे. जव्हारला जावा कशाला, हे मलाही कळलं नव्हतं. आमच्या मालकांना ठाण्यातल्या कुठल्याशा क्लासच्या बोर्डावर ते नाव दिसलं होतं, आणि तिकडे आहे ते आपल्याकडे का नको, एवढ्या एका विचारावर त्यांनी ते सुरू केलं. शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून आलेले, नाशिकला राहून कॉम्प्युटर शिकलेले आणि काही काळ मुंबईच्या कंपनीत नोकरी केलेले हे वारघडे सर कोणीतरी शोधून आणले. कंपनी सोडून परत का आलात, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी शाळेपासून सांगायला घेतलं. ते नाशिकच्या होस्टेलपर्यंत पोचले आणि माझी बस आली. पुन्हा काही मी तो विषय काढला नाही.

दिसायला किरकोळ. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू, त्यामुळे खिशाचा खालचा कोपरा कायम पांढरा. बोलणं हळू, पण एकदा का मुद्द्याला चिकटले की गोचीड बरा. कॉम्प्युटर शिकवणारा हा माणूस मुलांना कॉम्प्युटरला हातच लावू द्यायचा नाही. आधी प्रोग्राम हाताने चालवायचा. म्हणजे कागदावर प्रत्येक ओळ वाचायची, कुठल्या खोक्यात कुठला आकडा गेला ते लिहायचं, आणि मगच मशीन सुरू करायचं. "त्याला काय," ते मशीनबद्दल म्हणायचे, "तो चुकलेलं पण तेवढ्याच वेगाने करतो." भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज अर्धा दिवस नसायचीच, तेव्हा आम्ही बाकीचे कपाळाला हात लावून बसायचो आणि वारघडे सर खूश असायचे. वीज गेली म्हणजे मुलं आता विचार करतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या त्या उतरत्या रांगेने तर आख्ख्या क्लासच्या नाकात दम आणला होता. गणित सांगायला सोपं. आकड्यांची एक ओळ दिलेली आहे. तिच्यातले हवे ते आकडे गाळा, पण उरलेल्यांनी आपली जागा बदलायची नाही. उरलेले आकडे एकापेक्षा एक लहान होत गेले पाहिजेत, आणि अशी उतरती ओळ जास्तीत जास्त लांब निघाली पाहिजे. जावाच्या पुस्तकात हे पानभरात संपत होतं. सरांनी त्यात आमचा आठवडा घालवला.

एक दिवस वीज नव्हती म्हणून त्यांनी सगळ्या मुलांना माडीच्या गच्चीवर नेलं आणि सांगितलं, रांग करा, तुम्हीच आकडे, प्रत्येकाची उंची हाच त्याचा आकडा. आमची बहुतेक मुलं आश्रमशाळेत वाढलेली. रांग म्हटल्यावर त्यांचे पाय आपोआप चालायला लागले. बुटकी पुढे, उंच मागे, हातभर अंतर, प्रार्थनेला उभं राहतात तशी सगळी सरळ उभी राहिली. दोघांनी तर हातही जोडले. वारघडे सरांनी खडू आपटला. "मी सॉर्ट करायला सांगितलं का? जिन्याने जसे वर आलात तसे उभे राहा." मुलं पांगली, पुन्हा उभी राहिली, आणि पुन्हा बुटकी पुढे, उंच मागे. दहा-बारा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ अंगात मुरलेली गोष्ट ती, एका तासात थोडीच जाणार. शेवटी सरांनी सगळ्यांना खाली रस्त्यावर पाठवलं आणि एकेकाला नावाने हाक मारून वर बोलावलं. खालच्या दुकानदाराला वाटलं वर काहीतरी फुकट वाटतायत, म्हणून तोही रांगेत येऊन उभा राहिला. सरांनी त्याला काढलं नाही. आलेला आकडा ओळीत धरायचा, म्हणाले.

मग उतरती काढायला सांगितलं. आधी मुलांनी सोपा मार्ग धरला. पहिल्याला घ्यायचं, त्याच्यापेक्षा बुटका दिसला की त्याला घ्यायचं, असं पुढे पुढे. पण दुसऱ्याच जागी सुनंदा उभी होती. ती वर्गात सगळ्यांत ठेंगणी. तिला घेतल्याबरोबर ओळ संपली, कारण तिच्या मागे तिच्याहून बुटकं कोणीच नव्हतं. मुलं हसली, सुनंदा रडकुंडीला आली, आणि सर मात्र एकदम खुलले. ही चूक व्हायला हवी म्हणूनच जणू ते थांबले होते. त्यांनी सांगितलं, आता प्रत्येकाने फक्त आपल्या पुढे उभ्या असलेल्यांकडे बघायचं, त्यातही आपल्याहून उंच असतील त्यांच्याकडेच. त्या प्रत्येकाला विचारायचं, तुझ्यापर्यंत किती जणांची उतरती झाली? सगळ्यांत मोठं उत्तर ज्याचं, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याच्या उत्तरात एक मिळवून तो आपला आकडा म्हणून लक्षात ठेवायचा. पुढे असं कोणीच नसेल तर आपला आकडा एक. हळूहळू सगळ्या गच्चीवर एकमेकांच्या खांद्यांवर हात गेले. ज्याचं उत्तर सगळ्यांत मोठं निघालं त्याच्यापासून खांद्याखांद्याने पुढे गेलं की लांब उतरती रांग हातात. मला जावा येत नाही, पण हे मला त्या दिवशी कळलं ते आजतागायत विसरले नाही. मी काम सोडून जिन्यात उभी राहून बघत होते, हेही खरं.

मालकांना मात्र ते कळलं नाही. त्यांना कळलं ते एवढंच की जावाचा अभ्यासक्रम अजून निम्म्यावरही आलेला नाही आणि परीक्षा तोंडावर आली आहे. त्यांनी सरांना माझ्यासमोरच झापलं. वारघडे सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि नंतर मालक जे बोलले त्यातली कुठली गोष्ट आधी घडली आणि कुठली नंतर, ते दुरुस्त करून सांगितलं. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ह्या माणसाला आवरा." जणू तो माझा मुलगाच.

त्यांच्या घरच्यांचेही हेच हाल होते. त्यांच्या गावच्या बोहाड्यात देवांची सोंगं एकामागून एक नाचत येतात, कोणाच्या मागून कोण यायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि कुठला मुखवटा कुठल्या घराने धरायचा तेही. एका वर्षी सरांच्या सख्ख्या मामांच्या घरचा मुखवटा रंगून वेळेत आला नाही. लोक म्हणाले, दोन सोंगांनंतर नाचू दे. वारघडे सर त्या वर्षी सोंगं सोडायच्या कामावर होते. ते म्हणाले, त्यांचं सोंग या वर्षी गाळा, पण मागून आत घेऊ नका. मामा मुखवटा हातात घेऊन तसेच घरी गेले, आणि पुढे कितीतरी दिवस सरांच्या आईच्या दारात त्यांनी पाऊल टाकलं नाही. हे मला सरांच्या मोठ्या भावाने, गोविंददादांनी सांगितलं. सांगताना ते हसत होते, पण नंतर म्हणाले, "त्याला समजावून समजावून आमी थकलो, बाय. भाताला पानी लावायला सांगा, लावील. पर त्याच्या डोक्यातला बांध काय फुटायचा नाही."

गोविंददादा जव्हारला आले की आमच्या क्लासमध्ये डोकावायचे. त्या वर्षी एप्रिल संपताना आले ते मात्र पाड्यावरच्या आणखी दोघांना घेऊन, आणि चेहरा उतरलेला. त्यांच्या पाड्याचा टँकर बंद होणार होता. सूर्यमाळकडच्या त्या डोंगरावर उन्हाळ्यात पाण्याचे हाल कसे असतात ते मी सांगायला नको. पाड्याला एकच विहीर. होळीनंतर ती आटत जाते. मग सरकारी टँकर येतो आणि आपलं पाणी त्या विहिरीतच ओततो, आणि बायका तिथून शेंदून नेतात. टँकर मंजूर करणाऱ्या कचेरीने आता म्हटलं होतं की ह्या विहिरीचं पाणी उन्हाळा चढला तसं वाढलेलं आहे, तेव्हा इथला टँकर दुसऱ्या, जास्त अडलेल्या पाड्याला द्यावा. वाढलेलं कसं, तर ग्रामसेवकाने मोजलेले आकडेच तसे होते.

ते आकडे गोविंददादांनी कचेरीतून लिहून आणले होते. विहिरीत किती फूट पाणी, ते तारखेच्या क्रमाने: नऊ, सात, आठ, सहा, दहा, चार, अकरा, तीन, बारा. पहिला आकडा नऊ आणि शेवटचा बारा. कचेरीचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? पण गोविंददादांनी सांगितल्यावर खरी गंमत कळली. डोंगरावर जायला दुपारची दुसरी गाडी नाही, म्हणून ग्रामसेवक पुष्कळदा टँकरवरच बसून वर यायचा. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा, मग तो टेप सोडून पाणी मोजायचा, आणि त्याच टँकरने खाली जायचा. कधी टँकर नसताना चालत आला, की त्या दिवशी सात नाहीतर चार. उन्हाळा वाढला तशा टँकरच्या खेपा वाढल्या, म्हणून ओतल्यानंतरचा आकडाही वाढत गेला. तो माणूस बिचारा प्रामाणिकपणे आपणच ओतलेलं पाणी मोजत होता.

मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. सर, म्हटलं, ही तर तुमचीच रांग आहे. टँकरचे आकडे गाळा, बाकीच्यांना जागेवर राहू द्या. सरांनाही ते आधीच दिसलं असणार, कारण त्यांनी खिशातला खडू काढला होता. वीज होती. त्यांनी ते आकडे मुलांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये घातले आणि पडद्यावर ओळ आली: नऊ, सात, सहा, चार, तीन. विहीर कशी आटली ते जणू विहिरीनेच सांगितलं. गोविंददादांनी पडद्याला हात लावून बघितला. सरांची आई त्याच पाड्यावर राहायची, सत्तरीची. टँकर बंद झाला असता तर तिला बाकीच्या बायकांबरोबर डोंगराच्या पोटातल्या झऱ्यावर उतरावं लागलं असतं, आणि ती वाट धडधाकट माणसालाही नको वाटते. म्हणून त्या पाच आकड्यांनी मला केवढा आनंद झाला होता, काय सांगू.

अर्ज मी टाइप केला. पाच आकडे मोठ्या ठळक अक्षरांत मध्यभागी घेतले. सर म्हणाले, खाली सगळे नऊ आकडेही टाका. मी म्हटलं, कशाला? साहेबांच्या हातात आपणच काठी द्यायची? ते म्हणाले, गाळले आहेत ते दिसायला हवं. अर्धा तास वाद झाला. शेवटी बारीक अक्षरांत का होईना, ते नऊ आकडे खाली गेले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा माणूस आपल्याला बुडवणार आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. अर्ज मी केला होता म्हणून मीही गेले. साहेब बरे होते, इंजिनीयर होते, आणि कागद खालपर्यंत वाचणारे होते. त्यांनी बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यातले बाकीचे आकडे का सोडले?"

सर म्हणाले, ते टँकरच्या दिवसांचे असणार.

"असणार, की आहेत?"

ह्या जागी कुणीही शहाणा माणूस "आहेत" म्हणाला असता. वारघडे सर म्हणाले, "मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो."

गोविंददादा पुढे झाले. ते तिथे होते, त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि ते म्हणाले, सोडले ते समदे टँकरचेच. त्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने काय करावं? "दादा, तुला तारखा आठवत नाहीत," ते म्हणाले. "सगळे म्हणू नको." साहेबांनी खुर्चीत मागे टेकून विचारलं, मग मी असं का म्हणू नये की तुम्ही हवे तेवढे आकडे उचललेत? आणि सर म्हणाले, म्हणू शकता. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. त्यांनी साहेबांच्याच टेबलावरची पेन्सिल उचलली आणि माझ्या स्वच्छ टाइप केलेल्या अर्जावर, त्या बारीक आकड्यांखाली खुणा केल्या: सात, आठ, दहा, अकरा, बारा. "ह्याच ओळीतून चढती पण निघते, साहेब. उतरती पाच आकड्यांची, चढती पण पाचाची. नुसत्या आकड्यांवरून कुठली खरी ते सांगता येत नाही."

गोविंददादांनी भावाकडे बघून हळूच विचारलं, "आरं, तू आमचा हायेस का त्यांचा?" साहेब म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो, सवड झाली की. तोपर्यंत टँकर दुसरीकडे जाईल, तिथली फाइल पुढे गेली आहे.

बाहेर आल्यावर गोविंददादा थेट मोखाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसले. मी सरांना स्टँडवरच धरलं आणि पोटात होतं ते सगळं बोलून घेतलं. तुम्हाला गप्प बसता येत नाही का, म्हटलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, प्रोग्रामला जे विचारू तेवढंच तो सांगतो. मी त्याला उतरती विचारली, त्याने उतरती दिली. पाणी आटलं का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं."

"मग आटलं नाही का?"

"आटलंय. मला माहीत आहे. पण ते मला आईने सांगितलं म्हणून माहीत आहे."

मी म्हटलं, मग तेच सांगायचं ना साहेबांना. तर म्हणाले, ते त्यांनी विचारलं नाही. अशा माणसापुढे डोकं आपटायचं तर भिंतही तोच. मी उन्हासाठी छत्री उघडली आणि घरी निघून आले.

टँकर बंद झाला. बायका झऱ्यावर उतरायला लागल्या. सर रजा काढून वर गेले आणि आईचं पाणी आपण आणायला लागले, पण ते रविवारी जव्हारला परत आले, दुसऱ्या दिवशी क्लास होता म्हणून, आणि सोमवारी म्हातारी कोणाला न सांगता हंडा घेऊन निघाली. झऱ्याच्या वरच्या खडकावरून घसरली. उजवा हात मनगटात मोडला आणि कंबरेला जबर मार बसला. तिला झोळीतून रस्त्यापर्यंत उतरवलं आणि जीपने जव्हारच्या दवाखान्यात आणलं.

साहेबांनी शब्द पाळला, पण त्यानंतर. ते वर गेले, विहिरीत वाकून बघितलं, तळ दिसत होता. ग्रामसेवकाला बोलावलं, तो टँकरवर बसून येतो हे त्याच्याच तोंडून ऐकलं. टँकर त्याच आठवड्यात परत सुरू झाला, आणि साहेबांनी हुकूम काढला की कुठल्याही विहिरीचं पाणी टँकर ओतायच्या आधी मोजायचं. पुढे एका दुसऱ्या अर्जासाठी मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी तुमचे वारघडे चढती दाखवायचं टाळते, तर मी वर गेलो नसतो. हवे तेवढेच आकडे घेऊन लोक माझ्याकडे रोज येतात." असेल. मी हसून मान डोलावली. पण म्हातारीचं मनगट मी बघितलेलं होतं, त्यामुळे मला ते कौतुक गोड लागलं नाही. आजही लागत नाही. एवढा सरळ माणूस घरात कोणी कसा सांभाळायचा, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत सरांनी क्लास सोडला आणि ते ठाण्याकडे कुठे नोकरीला लागले. निरोप घ्यायला आले तेव्हा मी गावाला गेले होते. त्यामुळे वारघडे सर म्हटलं की मला शेवटचे दिसतात ते दवाखान्याच्या पायरीवर बसलेले.

म्हातारीला आणलं त्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं होतं, "माज्याम्होरं येऊ नको." आई रागावली की बोलते. दुसरा कोणी असता तर तासाभराने आत गेला असता, पाय धरले असते, संपलं असतं. वारघडे सरांनी ते शब्दाला शब्द पाळलं. वॉर्डाच्या बाहेर, दारातून तिला फक्त त्यांची पाठ दिसेल अशा बेताने ते पायरीवर बसायचे. क्लासच्या आधी आणि नंतर, रोज. डबा आणायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आत पाठवायचे. मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं, आत जा म्हटलं, हट्ट सोडा म्हटलं. ते म्हणाले, तिने नको म्हटलंय.

एके दिवशी त्यांनी डबा माझ्या हाती दिला. मी आत गेले, म्हातारीच्या शेजारी बसले, डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. नाचणीची भाकरी होती आणि उडदाची आमटी. तिने भाकरीला हात लावला नाही. माझ्याकडे न बघता विचारलं, "भायेर हाय का त्यो?"

आहे म्हटलं.

"जेवला का?"

मी म्हटलं, ते मला माहीत नाही, आजी, तुम्हीच हाक मारून विचारा की. मला दोघांचाही सारखाच राग आला होता. म्हातारीने हाक मारली नाही. तिने प्लास्टरच्या हाताने भाकरी मांडीवर दाबून धरली आणि डाव्या हाताने मोडायला लागली. डाव्या हाताची सवय नसल्यामुळे भाकरी नीट मोडेना, कडा तुटून चादरीवर पडल्या. मी पुढे केलेला हात तिने बाजूला सारला. शेवटी मोठा तुकडा निघाला तो तिने माझ्या हातावर ठेवला आणि हनुवटीने दाराकडे खूण केली.

मी तो बाहेर नेऊन सरांना दिला. कोणी दिला हे त्यांनी विचारलं नाही. पायरीवर बसूनच, वॉर्डाकडे पाठ करून, त्यांनी तो सावकाश खाल्ला. आणि आत म्हातारी उरलेली भाकरी मांडीवर तशीच ठेवून, त्यांचं खाऊन होईपर्यंत, त्यांच्या पाठीकडे बघत बसली.